६ जणांसाठी खोल समुद्रात फिशिंगची अख्खी बोट बुक करायचीय, नेमकं काय काय विचारू?

निळीछत्री:
मंडळी जरा मदत करा. आम्ही ६ जण आहोत, ४ मित्र, एकाची बायको आणि माझा ११ वर्षांचा पुतण्या, जो गेलं वर्षभर माशांचे व्हिडिओ बघून डोकं खातोय. खोल समुद्रात एक दिवस गळ टाकायला जायचंय आणि बोट फक्त आमची हवी, बाकी अनोळखी गर्दी नको. अनुभव म्हणाल तर लहानपणी तळ्याकाठी काठीला दोरी बांधून बसायचो तेवढाच, त्यातही बेडूकच जास्त मिळाले.

तीन बोटवाल्यांशी बोललो. एक म्हणतो ४ तास पुरे, दुसरा ८ तास, तिसरा म्हणतो १२ तासांशिवाय खोल समुद्र म्हणूच नका. तिघांच्याही पेजवर माणसापेक्षा मोठा मार्लिन टांगलेला एकच फोटो आहे, मला तर वाटतं तो मासाही तोच आहे 😄 विचारलं की तिघंही म्हणतात "सगळं इन्क्लुडेड आहे सर". सगळं म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. आमच्यातल्या एकाला वळणाच्या रस्त्यावर पुढच्या सीटवर बसूनही गाडी लागते, त्याचं बोटीवर काय होईल देव जाणे. ॲडव्हान्स भरायच्या आधी काय काय विचारून घेऊ?

रीळवेडा:
पहिला प्रश्न एकच विचार, गळ पाण्यात किती तास राहणार. बोट किती तास ते नाही. लोक नेमके इथेच फसतात.

हिशोब करून बघ. मासे मिळायची जागा किनाऱ्यापासून २५ नॉटिकल मैल आहे असं धर, म्हणजे जवळपास ४६ किलोमीटर. बोट २० नॉटने (म्हणजे तासाला २० नॉटिकल मैल) पळाली तरी जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि समुद्र खवळलेला असेल तर २० नॉट विसर, १२-१३ वर येतो वेग. ४ तासांच्या ट्रिपमधले अडीच तास तू फक्त उन्हात बसून हादरे खाणार. उरले दीड. त्यात सामान लावणं, जागा शोधणं, एखादी दोरी गुंतणं. म्हणून ४ तासवाला एकतर खोल समुद्रात नेतच नाही, जवळच्या खडकावर नेतो (ते वाईट नाही पण मग त्याला तसं म्हण), नाहीतर नेऊन लगेच परत आणतो.

नवीन लोकांना १२ तासही देऊ नकोस, सातव्या तासाला अर्धी बोट झोपलेली असते. ८ बरोबर वाटतं मला. पण त्या ८ मध्ये जाऊन-येऊन किती ते लिहून घे.

ओलेमोजे:
माझा किस्सा ऐक म्हणजे तुझे पैसे वाचतील. आम्ही ५ जण, खासगी ट्रिप म्हणून बुक केली, सकाळी अंधारात धक्क्यावर पोचलो तर बोटीत आधीच तिघं बसलेले. विचारलं तर उत्तर काय, "सर बोट तुमचीच आहे, हे आपले पाहुणे आहेत". पाहुण्यांनी स्वतःचे रॉड आणलेले!! मागच्या बाजूच्या दोन चांगल्या जागा त्यांनी धरल्या आणि आम्ही दिवसभर बाजूला उभे. वर आमच्यातला एक जण दुसऱ्या तासाला जो आडवा झाला तो झालाच, कॅप्टनला म्हटलं परत फिरू या तर म्हणे फिरू पण पैसे पूर्ण. भांडायला हातात काही नव्हतं कारण सगळं फोनवर ठरलेलं, मेसेज एकच होता, "ओके सर कन्फर्म".

तेव्हापासून मी चार ओळी टाइप करून पाठवतो आणि "हो" असं उत्तर आल्याशिवाय ॲडव्हान्स देत नाही. बोटीवर आमच्याशिवाय फक्त क्रू, कोण किती ते. इंधन धरून की वेगळं. हवामानामुळे कॅप्टनने रद्द केली तर पूर्ण परतावा की दुसरी तारीख, आणि ते ठरवणार कोण. इंजिन बिघडून मध्येच परतलो तर काय. आणि कोणी आजारी पडलं म्हणून आम्ही फिरवली तर काय, हे पण आधीच. आजारी माणूस समोर ओकत असताना पैशाची बोलणी होत नाहीत हे मी अनुभवाने सांगतो.

निळीछत्री:
@ओलेमोजे पाहुणे वाचून हसू आलं आणि भीती पण वाटली. @रीळवेडा तो तासांचा हिशोब खरंच डोक्यात नव्हता. आता ८ तासवाल्याला फोन केला, तो म्हणतो ट्रोलिंग करणार की बॉटम करणार ते सांगा त्यावर ठरेल. मी म्हटलं थांबा विचारून सांगतो 🙈

खारटमाणूस:
मी काही वर्षं अशाच एका बोटीवर डेकहँड होतो, म्हणजे आमिष लावा, गुंता सोडवा, डेक धुवा, लोकांच्या ओकाऱ्या काढा हे काम. थोडं सविस्तर लिहितो.

ट्रोलिंग म्हणजे बोट साधारण ६ ते ९ नॉटने चालत राहते आणि मागे चार-पाच दोऱ्यांवर आमिष ओढलं जातं. ट्यूना, माही-माही, वाहू, सेलफिश हे पळणारे मासे त्याने मिळतात. यात माणसाला काम काहीच नसतं. तासन् तास इंजिनाची घरघर, मग एकदम रीळ किंचाळतं, सगळे उठतात, आणि रॉड एकाच्याच हातात जातो. बाकीचे पाच व्हिडिओ काढतात. ३ तासांत दोन मासे लागले तर दिवस चांगला म्हणायचा, म्हणजे तुमच्यातल्या चौघांनी मासा ओढलेलाच नाही.

बॉटम म्हणजे खडकावर बोट थांबवायची किंवा प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, ४०-५०-६० मीटर खाली वजन लावून गळ सोडायचा. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा रॉड, मासे लहान पण टकटक सतत चालू. नवीन लोक, त्यात ११ वर्षांचं पोर, माझ्या मते डोळे झाकून बॉटम. जाता-येता दोन दोऱ्या मागे ओढत ठेवा म्हणावं, बहुतेक कॅप्टन ऐकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. बोट चालू असते तेव्हा लोकांना एवढं लागत नाही, थांबली की लागतं. पळणारी बोट लाट कापते, थांबलेली आडवी होऊन डुलत राहते, त्यात डिझेलचा वास. तुझ्या गाडी लागणाऱ्या मित्राचा विचार करून ठरव.

आणि माशाला हिसका देऊ नका. व्हिडिओत सगळे रॉड मागे ओढून हिसका देतात ते जुन्या, इंग्रजी J च्या आकाराच्या गळासाठी. हल्ली बऱ्याच बोटींवर सर्कल हुक असतो, टोक आत वळलेलं. त्यात मासा आमिष घेऊन वळला की गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, सोडायचा असेल तर मासा जगतो. तिथे हिसका दिलास तर आमिष तोंडातून सुटून येतं. दोरी ताणली की शांतपणे रीळ फिरवायला लागायचं, बस. मी दिवसात पन्नास वेळा "हिसका नको, फिरवा, फिरवा" ओरडायचो, पण व्हिडिओ बघून आलेला माणूस हात आवरेल तर शपथ.

मार्लिनमॅड:
खारटमाणूस भाऊ तुमचा अनुभव मान्य पण ट्रोलिंगवर अन्याय करताय. ६ जण एवढा खर्च करून जाणार आणि तळहाताएवढे मासे काढून येणार, त्यापेक्षा एक मोठा मासा एकाने ओढला तरी तो दिवस सगळे जन्मभर सांगतात. उथळ तळ संपून जिथे एकदम उतार सुरू होतो, साधारण २०० मीटर खोलीच्या आसपास, तिथे प्रवाह आपटून खालचं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर बारीक मासे, त्यांच्यामागे मोठे. पक्षी घिरट्या घालताना दिसले, पाण्याचा रंग हिरव्यातून निळा होणारी रेघ दिसली, तरंगणारा ओंडका दिसला की अंगावर काटा येतो राव. ओंडक्याखाली माही-माही हमखास. ते बघायला तरी जा.

आणि फोटोतल्या मार्लिनबद्दल. काळ्या मार्लिनचा विक्रम १९५३ चा आहे, पेरूच्या किनाऱ्याजवळ काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेलने धरलेला, १५६० पाउंड म्हणजे ७०७ किलो, अजून कोणी मोडलेला नाही. तुम्हाला तेवढा नाही मिळणार 😄

खारटमाणूस:
@मार्लिनमॅड ओंडक्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही वेडे आहात म्हणून ५ तास नुसतं पाणी बघू शकता, ११ वर्षांचं पोर अर्ध्या तासात विचारणार "काका अजून किती वेळ". विक्रमाचा विषय निघालाच आहे तर, आयजीएफए म्हणून १९३९ पासूनची संस्था हे विक्रम नोंदवते. त्यांच्या नियमात डेकहँडने मासा लावून रॉड तुमच्या हातात दिला की तो मासा नोंदीसाठी बाद. त्या हिशोबाने चार्टरवरचे निम्मे फोटो माझ्यासारख्या पोरांच्या माशांचे आहेत. नवख्यांना काही फरक पडत नाही, पण पुतण्याला गळ स्वतः सोडू दे आणि स्वतः ओढू दे, क्रूला तसं आधी सांग, नाहीतर ते घाईत हातातून रॉड घेतात.

पोटातगोळा:
नावावरून ओळखलंच असेल माझा विषय कोणता. तुमच्या मित्राला सांगा, बोट लागायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग शून्य, ती पोटात राहतच नाही. आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक असं मला डॉक्टरने सांगितलं होतं, पण त्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघावी. कानामागे लावायचा स्कोपोलामाइनचा पॅच पण असतो, तो किमान ४ तास आधी लावायचा, ३ दिवसांपर्यंत चालतो. तोंड कोरडं पडतं, लावल्यावर हात नीट धुवायचे नाहीतर तोच हात डोळ्याला लागून धुरकट दिसतं. काचबिंदूवाल्यांना चालत नाही आणि लहान मुलांना तर अजिबात नाही. म्हणजे डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नका.

बोटीवर मागच्या बाजूला, मध्यावर, खाली बसायचं, तिथे हलणं सगळ्यात कमी. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलं, केबिनमध्ये जाऊन झोपतो म्हणणारा तर दहा मिनिटांत धावत बाहेर येतो. उपाशी पण जाऊ नका आणि तेलकट खाऊन पण जाऊ नका. आणि ओकायचंच झालं तर वारा पाठीकडून येतोय ती बाजू बघा, मी पहिल्यांदा उलट्या बाजूला गेलो होतो, पुढचं सांगत नाही.

वाऱ्याचीदिशा:
अंदाज बघताना लोक फक्त लाटेची उंची बघतात, दोन लाटांमधलं अंतर बघत नाहीत. विंडीसारख्या ॲपवर लाटेच्या उंचीबरोबर सेकंद दिलेले असतात. २ मीटरची लाट १० सेकंदांनी येत असेल तर बोट झोपाळ्यासारखी वर-खाली होते, चालून जातं. दीड मीटरचीच पण ४ सेकंदांनी येणारी लाट म्हणजे धोबीघाट, नुसतं आपटणं. आणि ॲपवर दिसणारी उंची म्हणजे मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाट येऊ शकते, ते गृहीत धरूनच निघायचं.

कॅप्टनने नाही म्हटलं तर वाद घालू नका. उलट हवा बिघडलेली दिसत असूनही "काही होत नाही सर चला" म्हणणारा कॅप्टन असेल तर ॲडव्हान्सवर पाणी सोडून घरी या.

निळीछत्रीला अजून एक, पुतण्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते विचार आणि फोटो माग. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निघून येतं. रेडिओ चालू आहे ना, चॅनल १६ वर (संकटात मदत मागायचा चॅनल) ऐकतात ना, हेही विचार, कारण किनाऱ्यापासून थोडं लांब गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि मग तो फक्त कॅमेरा. बरंच आत जाणार असाल तर ४०६ मेगाहर्ट्झचा इमर्जन्सी बीकन असलेली बोट बघा, उलटल्यावर सिग्नल उपग्रहाकडे जातो. हे विचारल्यावर जो वैतागतो त्याच्या बोटीत बसू नये.

चष्मेबहाद्दर_ताई:
सगळे पुरुष आहात वाटतं 🙄 टॉयलेट आहे का, आणि दाराला कडी आहे का, हे कोणी लिहिलंच नाही. ८ तास आहेत ते. त्यांच्या ग्रुपमध्ये एक बाई आहे हे वरच लिहिलंय. मी एका बोटीवर गेले तर टॉयलेट होतं, पण आत बादल्या, दोऱ्या आणि नांगर. आणि सावली! सहा जण बसतील एवढं छत आहे का ते फोटोत बघा, पेजवरचा फोटो नाही, आजचा काढून पाठवायला सांगा.

निळीछत्री:
ताई मनापासून आभार, वहिनींनी पण अगदी हाच प्रश्न काल विचारला होता आणि मी "असेलच की" म्हटलं होतं 😐

अपडेट देतो. तुमच्या सगळ्यांचे प्रश्न एकत्र करून तिघांना पाठवले. १२ तासवाल्याने मेसेज वाचून सोडून दिला, काही नाही. ४ तासवाला प्रामाणिक निघाला, म्हणाला आम्ही खोल जात नाही, खडकावर जातो, फोटो पाहुण्यांसाठी आहे. ८ तासवाल्याने एकेक प्रश्नाला उत्तर दिलं. जाऊन-येऊन अडीच तास, गळ पाण्यात ५ तासांच्या वर, लायसन्स क्रू सोडून ८ प्रवाशांचं, मुलाच्या जॅकेटचा फोटो पाठवला, टॉयलेटच्या कडीचा पण पाठवला 😂 हवामानामुळे त्याने रद्द केली तर आपल्याला हवं ते, पैसे किंवा तारीख. आम्ही आजारपणामुळे फिरवली तर अर्ध्या वेळेच्या आत निम्मे, नंतर काही नाही. बॉटम करायचं आणि जाता-येता दोन दोऱ्या मागे, असं ठरलं.

एक गोष्ट त्याने स्वतः सांगितली, मासे बोटीचे की आमचे हे आधी ठरवा. मी म्हटलं म्हणजे काय? तर काही ठिकाणी मासा बोटवाला ठेवतो म्हणे? आणि आमच्याकडे आलेच समजा, तर ५ तास त्याचं करायचं काय?

खारटमाणूस:
हो, बऱ्याच ठिकाणी मासा बोटीचा असतो आणि तुम्हाला खाण्यापुरता देतात. स्वतःहून सांगतोय म्हणजे माणूस बरा दिसतोय.

तुमचे असतील तर बर्फ किती आहे ते विचार. नुसता वर बर्फ टाकून चालत नाही, बर्फात समुद्राचं पाणी घालून लगदा करायचा आणि मासा त्यात पूर्ण बुडाला पाहिजे. ट्यूना जातीचे असतील तर लगेच रक्त काढायचं, त्यांचं अंग ओढाताणीत तापलेलं असतं. उन्हात डेकवर फोटो काढत अर्धा-पाऊण तास ठेवला की त्यात हिस्टामीन तयार व्हायला लागतं, आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं दुखणं, अंगावर गांधी, लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आहे. फोटो एक मिनिटात उरका आणि बर्फात घाला. खडकावरचे फार मोठे मासे, विशेषतः मोठा बॅराकुडा, हातात आला तरी खाऊ नका, काही भागांत त्यात सिग्वाटेराचं विष असतं आणि तेही शिजवून जात नाही. तिथला कोणता खायचा नाही ते क्रूला बरोबर माहीत असतं.

आणखी एक, ५०-६० मीटरवरून झपाट्याने वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून बाहेर येतं. असा मासा पाण्यात सोडला तरी तो पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि पक्षी टिपतात. म्हणून "मजा म्हणून धरतो आणि सोडून देतो" हे खोल बॉटमला चालत नाही. हवे तेवढे काढा आणि मग थांबा. सोडायचाच असेल तर वजन लावून परत खाली नेऊन सोडायची क्लिप मिळते, बोटीवर आहे का बघा.

रीळवेडा:
पोराला एक नक्की सांग, रॉडची दोरी हाताला गुंडाळायची नाही. विणलेली दोरी दिसायला सुतासारखी असते पण मासा पळाला की हाताचं बोट कापते. आणि ड्रॅगच्या, म्हणजे रिळाच्या ब्रेकच्या, चाकाला हात लावायचा नाही. १५ किलो ताण सहन करणारी दोरी असेल तर ड्रॅग ४-५ किलोला लावलेला असतो, मासा पळाला की दोरी सुटत जाते ती सुटू द्यायची. नवीन माणूस घाबरून ड्रॅग आवळतो आणि फटकन दोरी तुटते.

निळीछत्री:
पुतण्याला हे सगळं वाचून दाखवलं, त्याने वहीत लिहून घेतलं, "हिसका नाही" ला दोनदा अधोरेखित केलंय.

आत्ताच कॅप्टनचा मेसेज आला. शनिवारी लाट १.४ मीटर आणि ५ सेकंद दाखवतंय, नको, मंगळवारी जाऊ म्हणतोय. @वाऱ्याचीदिशा तुमची आठवण आली. मंगळवारी एकाला रजा नाही, त्यामुळे आता ५ जण. गाडी लागणारा मात्र येतोय, पॅच लावून, डॉक्टरला विचारून.

खारटमाणूस:
पाच असाल तर उत्तमच, जागा मोकळी मिळेल. सहावा रॉड तयार ठेवायला सांग, पोराची दोरी गुंतणारच आहे, ती सोडवेपर्यंत हातात दुसरा देता येतो.